स्वस्त मशीनचा कैवार

घरगुती, स्वस्त एस्प्रेसो मशीनवर दोन बाजूंनी हल्ला होतो. एक बाजू जाणकारांची. त्यांच्या मते आठ-दहा हजारांचं मशीन म्हणजे खेळणं. खरी एस्प्रेसो प्यायची तर लाखाच्या घरातलं इटालियन यंत्र घ्या, त्याच्या तोलाचा ग्राइंडर घ्या. नाही परवडत, तर नाद सोडा. दुसरी बाजू घरातल्यांची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची. त्यांच्या मते आमच्या तेलंगणातल्या बेल्लमपल्लीसारख्या कोळशाच्या गावात असलं यंत्र ओट्यावर मांडणं हीच मुळात उधळपट्टी. चहा आहे, इन्स्टंट कॉफी आहे, हवा तर स्टीलचा फिल्टर आहे. मग हे कशाला? माझी चंद्रपूरची ननंद पहिल्यांदा मशीन पाहून म्हणाली, ‘वहिनी, एवढ्या पैशांत उत्तम मिक्सर आला असता.’ जाणकार म्हणतात हे फार कमी आहे, घरचे म्हणतात हे फार जास्त आहे. दोघांच्या बोलण्याचा परिणाम मात्र एकच होतो. लहान गावातला माणूस चांगल्या कॉफीच्या वाटेला जात नाही. म्हणून मला दोघांचंही म्हणणं खोडून काढायचं आहे.

आधी जाणकार. ‘खरी एस्प्रेसो’ हा शब्दप्रयोग ते असा करतात, जणू ती एकदाच ठरलेली, कायमची गोष्ट आहे. इतिहास तसं सांगत नाही. वाफेच्या जोरावर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये एकेका कपाची कॉफी काढणारं यंत्र केलं, आणि १९०६ च्या मिलानच्या प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं. त्या यंत्रांतला दाब जेमतेम दीड बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या दीडपट. कॉफीवर तो दाट सोनेरी फेस नव्हता. तो फेस, ज्याला क्रेमा म्हणतात, आला तो आकिले गाज्जियाच्या दांड्याच्या यंत्रातून. दुसरं महायुद्ध संपल्यानंतर ती यंत्रं बाजारात आली. दांडा ओढून स्प्रिंग दाबायची, आणि स्प्रिंगने पाणी कॉफीतून रेटायचं. हाताची ती मेहनत विजेच्या पंपावर गेली १९६१ मध्ये, फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्रापासून. आज ज्या नऊ बार दाबाला सगळे प्रमाण मानतात, त्याचं वय एवढंच. म्हणजे पहिली जवळजवळ अर्धशतकभर इटलीतली माणसं जी एस्प्रेसो पीत होती, ती आजच्या जाणकारांच्या कसोटीला उतरलीच नसती. ती पिणाऱ्यांना कुणी खोटं ठरवत नाही. मग इथल्यांनाच का?

आणि इटलीतल्या घरांत काय होतं? लाखाची यंत्रं बारमध्ये होती. घरात आली ती आल्फोन्सो बियालेत्तीची ॲल्युमिनियमची मोका, १९३३ पासून. शेगडीवर ठेवायची, खालचं पाणी वाफेच्या रेट्याने वर चढायचं. तिच्यातही दाब दीड बारच्या आसपासच. त्या एवढ्याशा किटलीने कॉफी पुरुषांच्या बारमधून स्वयंपाकघरात आणली. घरगुती यंत्र हॉटेलातल्या यंत्राची बरोबरी करत नाही म्हणून ते घ्यायचंच नाही, हा नियम एस्प्रेसोच्या मायदेशानेही कधी पाळला नाही.

आता यंत्राच्या पोटात बघू. एस्प्रेसोला हवं काय? बारीक दळलेली ताजी कॉफी, नव्वद ते शहाण्णव अंश तापलेलं पाणी, कॉफीच्या थराशी नऊ बारच्या आसपास दाब आणि पंचवीस-तीस सेकंदांचा वेळ. आठ-दहा हजारांच्या मशीनमध्ये एक छोटा थरथरणारा पंप असतो. विजेच्या झटक्यांनी आतला दट्ट्या मागेपुढे होतो आणि पाणी पुढे ढकललं जातं. तशाच जातीचा पंप चाळीस-पन्नास हजारांच्या कित्येक घरगुती यंत्रांतही बसवलेला असतो. दाब निर्माण करण्याची ताकद हा काही श्रीमंत यंत्रांचा मक्ता नाही.

जास्तीचे पैसे जातात ते इतर गोष्टींसाठी: तापमान एका अंशाच्या आतबाहेर स्थिर राहावं म्हणून, कॉफी काढता काढता दुसऱ्या बॉयलरमधून वाफही घेता यावी म्हणून, आणि पाठोपाठ दहा कप काढले तरी शेवटचा पहिल्यासारखाच निघावा म्हणून. उपाहारगृह चालवणाऱ्याला हे सगळं लागतं. सकाळी एक आणि दुपारी एक कप पिणाऱ्या घराला यातलं काय लागतं? जवळपास काहीच नाही.

उणिवा आहेत, त्या लपवायचं कारण नाही. स्वस्त मशीनचा धातू पातळ असतो, म्हणून पहिला कप थंडगार पोर्टाफिल्टरमधून, म्हणजे पूड भरून मशीनला अडकवायच्या दांड्याच्या भांड्यातून, काढला तर आंबट लागतो. उपाय सोपा: कॉफी न भरता एकदा नुसतं गरम पाणी सोडा, कप आणि पोर्टाफिल्टर दोन्ही तापतात. वाफेची नळी अशक्त असते. चार जणांच्या कॅपुचिनोचं दूध तिच्यावर फेसाळत बसलात तर वेळ जाईल. एक वाटी थंड दूध असेल तर ती व्यवस्थित काम करते. वाफ काढल्यावर यंत्र कॉफीला लागणाऱ्या तापमानापेक्षा जास्त तापलेलं असतं, तेव्हा दुसरा कप काढण्याआधी थोडं पाणी सोडून ते निववावं लागतं. हे सगळं दोन-चार दिवसांत हाताला बसतं. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या हाताला यात अवघड काही नाही.

जाणकारांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि तो त्यांनी आणखी मोठ्याने सांगावा. वाफेच्याच दाबावर चालणारी, पंप नसलेली जी चार-पाच हजारांची यंत्रं मिळतात, त्यांत आजच्या अर्थाची एस्प्रेसो निघत नाही. कडक काळी कॉफी निघते, मोकासारखी. ती वाईट नसते, पण मग मोकाच घ्यावी; ती आणखी स्वस्त आहे आणि तिच्यात बिघडायला जवळजवळ काही नाही. माझा कैवार आहे तो पंप असलेल्या स्वस्त मशीनचा.

इथे दुकानदारांनाही एक उत्तर द्यायला हवं. खोक्यावर ‘१५ बार’, ‘२० बार’ असं ठळक छापलेलं असतं आणि वीस हे पंधरापेक्षा चांगलं असं सांगून हजार-दोन हजार जास्त घेतले जातात. हा आकडा पंपाच्या कमाल ताकदीचा; पाणी पुढे सरकायला वाटच नसेल तेव्हाचा. कपात कॉफी पडत असताना तो दाब नसतो आणि नसावाही. कॉफीला हवेत ते नऊ बार. कोलियरीत खाणीतलं पाणी उपसणारे पंप ज्यांनी चालवले आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बंद व्हॉल्व्हवरचा दाब आणि वाहत्या पाण्याचा दाब यांतला फरक त्यांना पाठ असतो. आमच्या ओळीतल्या एका निवृत्त फिटरकाकांनी खोक्यावरचा आकडा वाचला आणि लगेच विचारलं, ‘हा शट-ऑफचा का?’ असा नेमका प्रश्न मी शहरातल्या दुकानात कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मग पैसे घालायचे कुठे? ग्राइंडरवर आणि बियांवर. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. यंत्रात कंजुषी चालते, बियांत आणि दळण्यात चालत नाही. स्वस्त मशीनबरोबर दुहेरी तळाची बास्केट, म्हणजे पूड भरायची जाळीची वाटी, येते. तिच्या आतल्या जाळीला बारीक छिद्रं असतात आणि बाहेरच्या तळाला फक्त एकच. दाब त्या एका छिद्रामुळे तयार होतो, कॉफीच्या थरामुळे नाही. त्यामुळे भरड, शिळी, पाकिटातली कसलीही पूड घातली तरी वर फेस दिसतो. नवशिक्याला ही सोय चांगली, पण त्या फेसावर भाळू नये. तो छिद्रातून जोराने बाहेर पडण्याचा परिणाम आहे, कॉफीच्या ताजेपणाची खूण नव्हे. साध्या तळाची बास्केट वेगळी मिळते, बहुतेक अशा मशीनना ५१ मिलिमीटरची बसते. दोन-तीन हजारांचा चांगला हाती ग्राइंडर घेतला आणि ही बास्केट लावली की तेच मशीन वेगळं वागायला लागतं.

कसं वागतं ते सांगते. चौदा ग्रॅम बिया वजनकाट्यावर घ्यायच्या आणि दळायच्या. मीठ बारीक केल्यावर बोटांना लागतं त्याच्याही किंचित बारीक. पूड बास्केटमध्ये सारखी पसरायची, टॅम्परने सरळ दाबायची, तिरकी नाही. तिरकी दाबली की पाणी उतरत्या बाजूने पळ काढतं. पोर्टाफिल्टर अडकवायचा, कप काट्यावर ठेवायचा, बटण दाबायचं. पहिले पाच-सहा सेकंद नुसता पंपाचा घुर्र आवाज. मग तळाशी गडद थेंब जमतात, त्यांची उंदराच्या शेपटीएवढी बारीक धार होते, काळपट तपकिरी, आणि हळूहळू तिचा रंग उजळत जातो. काट्यावर अठ्ठावीस ग्रॅम आले की बंद. पंधरा सेकंदांतच एवढं पाणी आलं तर दळण भरड आहे, कॉफी आंबट आणि पातळ लागणार. चाळीस सेकंद लागले तर फार बारीक आहे, कडू लागणार. ग्राइंडरची कडी एक खाच इकडे किंवा तिकडे, बस. यंत्राची किंमत या प्रक्रियेत कुठे आली? निर्णय सगळे बी, दळण आणि हात यांचे आहेत.

आता घरच्या आणि गावच्या आक्षेपांकडे वळते. त्यांना उत्तर देणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपली माणसं विचारतात.

पहिला आक्षेप: एस्प्रेसो आम्हाला माहीत आहे, लग्नात पितो की. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात ते चकचकीत यंत्र असतं, वाफेचा फुत्कार सोडत कागदी कप भरतं, वर कोकोची पूड भुरभुरवतात. ती कॉफी गोड आहे, गरम आहे, लग्नाच्या जेवणानंतर छान लागते. पण तिच्यात इन्स्टंट पूड असते आणि यंत्र फक्त दूध वाफेने तापवून फेसाळतं. कॉफीच्या बियांशी त्या यंत्राचा संबंध येत नाही. तिच्यावरून घरच्या मशीनची परीक्षा करू नये.

दुसरा: फिल्टर असताना हे कशाला? फिल्टरवर माझं प्रेम आहे. वरच्या भांड्यात पूड, उकळतं पाणी, रात्री ठेवलं की सकाळी डिकॉक्शन तयार. घरात सहा माणसं आणि दोन पाहुणे असतील तर त्याला तोड नाही. पण तो वेळ मागतो आणि एका माणसासाठी लावणं जिवावर येतं. बेल्लमपल्ली हे पाळ्यांचं गाव आहे. रात्रपाळीहून आलेल्या माणसाची सकाळ आणि शाळेला निघालेल्या मुलांची सकाळ एका घरात एका वेळी होत नाही. जो एकटा उठतो आणि एकटाच पितो, त्याच्यासाठी पाच मिनिटांत एक कप ताजी कॉफी देणारं यंत्र फिल्टरच्या जागेवर अतिक्रमण करत नाही. शिवाय बाजारातल्या फिल्टर कॉफीच्या बऱ्याच पाकिटांत चिकोरी असते; कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. फिल्टरमध्ये ती आवडणारे आवडीने पितात, त्यांना दोष नाही. एस्प्रेसो मशीनमध्ये मात्र ती पूड घालू नये, चिकट होऊन जाळी तुंबवते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना अडवायचं आहे. ‘घरी मशीन घेतलं की पैसे वाचतात’ असं ते सांगतात. शहरात कॅफेत जाऊन दोनशे रुपयांची कॅपुचिनो पिणाऱ्याचे वाचत असतील. आपले वाचत नाहीत. साधा हिशेब मांडू. अडीचशे ग्रॅम ताज्या भाजलेल्या बिया पाचशे रुपयांना धरल्या तर त्यात सतरा-अठरा कप होतात, म्हणजे कपामागे अठ्ठावीस-तीस रुपये. नऊ हजारांचं मशीन रोज दोन कपांच्या हिशेबाने तीन वर्षं चाललं, तर त्याचे कपामागे चार रुपये. ग्राइंडरचा रुपया-सव्वा रुपया. दूध वेगळं. टपरीवरच्या चहापेक्षा ही महाग आहे, इन्स्टंटपेक्षाही कितीतरी महाग. ज्याला हे परवडत नाही त्याने घेऊ नये, कर्ज काढून तर मुळीच नाही. पण हिशेबातली एक गोष्ट ध्यानात घ्या: चौतीस-पस्तीस रुपयांतले यंत्राचे फक्त चार. यंत्राला ‘चैन’ म्हणणारा माणूस अगदी लहान रकमेवर बोट ठेवतो आहे.

विजेचं म्हणाल, तर असं मशीन १३५० वॅटच्या आसपास असतं आणि एका कपाला तापण्यासकट पाच मिनिटंही पूर्ण क्षमतेने चालत नाही. म्हणजे एक दशांश युनिटच्या आसपास. एक युनिट वीज करायला ढोबळ मानाने सातशे ग्रॅम कोळसा लागतो. कपामागे सत्तर ग्रॅम. आमच्याच मंचिर्याल जिल्ह्यातल्या जयपूरला सिंगरेणी या कोळसा कंपनीचं १२०० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, आणि बेल्लमपल्लीच्या भोवतालची जमीन सुमारे शतकभर कोळसा देत आली आहे. ज्या गावाने साऱ्या मुलखाला वीज पुरवली, त्या गावातल्या बाईने मूठभर कोळशाएवढी वीज स्वतःच्या कपासाठी वापरली तर तिला हिशेब विचारणं अन्याय्य आहे.

पैशाच्या या आक्षेपाच्या तळाशी खरी समजूत वेगळीच आहे. कॉफी, त्यातही एस्प्रेसो, ही शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, खिसा गरम असलेल्या लोकांची गोष्ट; कामगारांच्या वसाहतीत ती शोभत नाही. ही समजूत मला सर्वांत जास्त टोचते. इटलीत एस्प्रेसो वाढली ती बारच्या फळीशी उभ्याने घोट घेऊन कामावर पळणाऱ्या माणसांच्या जिवावर. बसून पिणाऱ्याला जास्त दर आणि उभ्याने पिणाऱ्याला कमी, हा रिवाज तिथे आजही आहे. आपल्याकडे कॉफी बोर्डाने कॉफी हाऊस बंद करायला घेतली तेव्हा, १९५७ मध्ये, ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने तिथल्या वेटर-आचाऱ्यांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. नागपूरच्या सदरमधलं इंडियन कॉफी हाऊस त्याच परंपरेतलं. ज्या पेयाची घरं कामगारांनी नोकरी जायची वेळ आल्यावर हिमतीने उभी केली, ते पेय कामगारवस्तीला परकं कसं?

परकं तर ते देशालाही नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे सत्तर टक्के रोबस्टा जातीची असते, आपल्या कॉफीचा बहुतांश भाग निर्यात होतो, आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटली आहे. कोडगू आणि वायनाडच्या रोबस्टाने इटालियन एस्प्रेसोला अंग आणि फेस दिला आहे. शेजारच्या आंध्रात अरकूच्या डोंगरात आदिवासी शेतकरी जी अरेबिका पिकवतात, तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी कोडगू, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि वायनाडलाही. माल आपला, मेहनत आपली. आणि तो इटलीहून डब्यात बंद होऊन तिप्पट दराने परत आला की ‘खरा’ ठरतो. घरात स्वस्त मशीन असलेला माणूस चिकमगळूरहून थेट बिया मागवू शकतो. थोडी रोबस्टा असलेलं, मध्यमपेक्षा जरा गडद भाजलेलं मिश्रण स्वस्त मशीनला सर्वांत जास्त मानवतं. ते तापमानातला कमीजास्तपणा खपवून घेतं आणि दुधात हरवत नाही. फिकट भाजलेल्या, फळांच्या वासाच्या महागड्या बिया या मशीनला नकोत.

चौथा आक्षेप दुरुस्तीचा: बिघडलं तर इथे कोण बघणार? कंपनीचं सर्व्हिस सेंटर हैदराबादला, अडीचशे किलोमीटरांवर, हे खरं आहे. म्हणूनच स्वस्त मशीन बरं. महागड्या यंत्रातली इलेक्ट्रॉनिक पाटी गेली की कंपनीशिवाय गत नाही. स्वस्तात असतं काय? पंप, तापणारा ठोकळा, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज, दोन बटणं आणि रबरी गॅस्केट. गीझर आणि इस्त्री दुरुस्त करणारा कुठलाही हुशार माणूस ते उघडून बघू शकतो. कोळशाच्या गावात फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांना तोटा नाही.

जे मशीनला खरंच मारतं, ते पाणी. या पट्ट्यातलं बोअरचं पाणी जड. पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर धरतो, तोच मशीनच्या आतल्या बारीक नळ्यांत धरतो, आणि मग पंपाचा आवाज जाड होतो, धार मंदावते, माणूस म्हणतो ‘स्वस्त माल, दुसरं काय’. आरओच्या वीस लिटरच्या कॅनमधलं पाणी आणि साधं पाणी अर्धं-अर्धं घ्यावं. नुसत्या आरओच्या पाण्यात कॉफी बेचव लागते. महिन्या-दीड महिन्याने लिटरभर पाण्यात वीसेक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून ते मशीनमधून थांबत थांबत सोडावं, मग दोन टाक्या साधं पाणी. आणि आणखी एक: पंधरा ॲम्पिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा, लटकत्या एक्स्टेंशन बोर्डला नव्हे. कॉफी निघाल्या निघाल्या पोर्टाफिल्टर ओढून काढू नका, आत दाब अडकलेला असतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण तो आमच्याकडे पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत भाजलेल्या बिया ओट्यावरच्या डब्यात पंधरा दिवसही सुगंध धरत नाहीत. लहान लहान हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, लागेल तेवढीच बाहेर काढावी. मे महिन्यात गरम कॉफी कोण पिणार, असं विचारणाऱ्यांनी काचेच्या पेल्यात बर्फ घेऊन त्यावर दोन घोटांची ताजी एस्प्रेसो आणि गार दूध ओतून बघावं. फिल्टरचं डिकॉक्शन बर्फावर पातळ पडतं, इन्स्टंट तर नुसती कडू होते. एस्प्रेसो एवढी दाट असते की बर्फ विरघळला तरी चव उरते. माझ्या ननंदेने मिक्सर मागायचा सोडला तो या पेल्यानंतर.

उरतो एकच खरा अडथळा, आणि तो ना जाणकारांनी मांडला ना शेजाऱ्यांनी. मंचिर्यालच्या दुकानात मशीन मिळतं, पण ताज्या बिया मिळत नाहीत. मिळतात त्या पाकिटावर भाजल्याची तारीख नसते, फक्त ‘अमुक महिन्यांच्या आत वापरा’. दुधाच्या पिशवीवर तारीख बघणारं गिऱ्हाईक कॉफीच्या पाकिटावरही ती बघेल, जर कुणी छापली तर. मशीन विकणाऱ्या दुकानदारांनी फळीवर महिन्याला दहा पाकिटं तरी ताज्या, तारीख घातलेल्या बियांची ठेवावीत, आणि मशीन घेताना गिऱ्हाइकाने तीच पहिल्यांदा मागावीत.